जीपला आम्ही दिलेला होकार

आमच्या गावात सर्वांत आधी आलेली मोटार आम्ही बोलावलेली नव्हती. आम्ही बोलावली होती एस.टी. तिच्यासाठी गावानं दोन उन्हाळे घाम गाळला, अर्ज केले, येईल त्या साहेबाला शहाळी पाजली. आणि आली काय, तर जीप! हे सांगताना मला आजही राग येतो आणि हसूही येतं. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात. चढू दे.

एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. मालवणचा तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. गाव मालवणपासून नऊ मैल, खाडीच्या आतल्या अंगाला. मालवणच्या सडकेला लागायचं तर आधी अडीच मैल पायवाट तुडवावी लागे. ती वाट रुंद करून दिलीत तर दिवाळीनंतर एस.टी. गावात आणू, असं वरून कळलं, आणि सगळा गाव कुदळी घेऊन बाहेर पडला. मानकऱ्यांनी, म्हणजे देवळाचा मान ज्यांच्या घराण्याकडे होता त्या आजोबांनी, वाटेचे भाग पाडून दिले. घरटी वीस पावलं. आपली वीस पावलं आपण खणायची, आपण दगडमाती भरायची, आपण चोपायची. आमची वीस पावलं फणसाच्या वळणावर आली. आई आणि मी डोक्यावरून माती वाहिली. बाबा माडावरून पडल्यापासून एका पायानं अधू होते, ते बसून दगड फोडत.

वाट झाली तरी काम संपलं नाही. लाल माती ती, पावसाची जोरदार सर आली की पोटातले दगड दाखवायची. मग प्रत्येक घर आपापल्या वीस पावलांवर चोपणं घेऊन हजर. अंगण चोपायचं ते लाकडी चोपणं हो, दुसरं काही नाही. अंगणासारखीच आम्ही ती वाट राखत होतो. कुणाची वीस पावलं चांगली, कुणाची फुगलेली, यावरून विहिरीवर बायकांची तोंडं लागत. आमची फार चांगली होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मला त्या वाटेची एवढी पडली होती, त्याला कारण होतं. सातवी पास होऊन मी घरी बसले होते. आठवी मालवणात. नऊ मैल रोज चालत कोण जाणार, आणि तिथं ठेवून घेईल असं आमचं कुणी नव्हतं. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबा लंगडत मालवणला जाऊन हायस्कुलाच्या हेडमास्तरांना भेटले. हेडमास्तर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी, अकराची घंटा व्हायच्या आत मुलगी माझ्यासमोर आली तर तिला आठवीत बसवतो. एक दिवसही उशीर झाला तर यंदा नाही. घरी येऊन बाबांनी मला एवढंच सांगितलं, "यष्टी इली तर जा. नाय इली तर नाय." पुढच्या वर्षी मी सोळाची झाले असते, आणि सोळाव्या वर्षी पोरींचं काय होतं ते मला घरोघरी दिसत होतं. म्हणून दिवाळीपर्यंत त्या वाटेला खरचटलंसुद्धा तर मी चोपणं घेऊन धावे.

गणपती गेले, आणि खलाशीकाका जीप घेऊन आला.

तो गावचाच. पंधरा वर्षं बोटीवर होता म्हणून सगळे त्याला खलाशीच म्हणत. मुंबईत लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यानं लिलावात घेतली होती. हिरवा रंग, डोक्यावर छप्पर नाही, चाकांना बोटभर उंचीचे दात. गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्यानं चिऱ्यांची खाण धरली होती. जीपच्या मागं लोखंडी गाडा जोडून चिरे खाडीवर आणायचे आणि गलबतात भरायचे, असा त्याचा बेत, आणि खाडीवर उतरायला सोयीची वाट आमचीच.

पहिल्या दिवशी मी त्या जीपच्या मागं गाव संपेपर्यंत धावले. खोटं कशाला सांगू? ती व्हाळातून, गावच्या ओढ्यातून, पाणी उडवत गेली, सड्याच्या उभ्या चढणीवर चढली, जिथं बैल मान टाकतात तिथं ती नुसती गुरगुरली. अख्खा गाव तोंडाचा आ करून बघत होता. मी टाळ्या पिटल्या.

चौथ्या दिवशी माझ्या टाळ्या बंद झाल्या. माती अजून ओली होती. भरलेला गाडा ओढताना चाकांच्या दातांनी वाट उभी फाडली. फणसाच्या वळणावर तर गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. आम्ही संध्याकाळी चोपायचं आणि त्यानं सकाळी उकरायचं. आठ दिवसांत गावातली एकही वीस पावलं धड राहिली नाहीत. घरटी भाग पाडलेले, म्हणून गाडी वाटेवरून गेली असं कुणी म्हणेना. जो तो म्हणे, माझ्या दारातून गेली.

आईनं पहिलं पाऊल उचललं. कापणी झाली होती. तिनं आमच्या वीस पावलांवर चटया टाकल्या, त्यावर भात वाळत घातलं आणि स्वतः मध्ये बसली. जीप आली, थांबली. मी फणसाला टेकून उभी होते.

"वैनी, भात काढ. वाट सरकारची आसा," खलाशीकाका म्हणाला.

"सरकार इल्लो काय हय चोपणा घेवन?" आईनं विचारलं. "घाल माज्या भातावरसून गाडी. बघतंय मी, कशी घालतंस ती!"

भातावरून चाक घालण्याची हिंमत त्याला झाली नाही. पण जीपला वाट लागतेच कुठं? त्यानं चाक वळवलं, बांध उतरला, शेजाऱ्यांच्या कापलेल्या शेतातून गाडी घातली आणि पलीकडून पुन्हा वर काढली. जाताना शेताची मेर ढासळली ती ढासळलीच. आता शेजारीही पेटले. कुणी करवंदीच्या जाळ्या तोडून आडव्या टाकल्या, तो त्यांना वळसा घालून गेला. आम्ही जितकं अडवू तितकी वाट रुंद व्हायला लागली, आणि एस.टी.चे साहेब तर कधीही बघायला येणार होते.

शेवटी मामलेदारांना अर्ज गेला. अर्ज मी लिहिला. गावात माझं अक्षर सर्वांत वळणदार, हेही मी सांगून टाकते. वर्षभर घरी बसलेल्या मला गावानं बोलावून पाट दिला, दौत दिली, आणि मानकरी सांगत गेले ते मी लिहीत गेले. खाली अडीचशे घरांचे अंगठे आणि सह्या. त्या रात्री मला वाटलं, आता शाळेत गेल्यातच जमा.

दसऱ्यानंतर मामलेदार स्वतः आले. घाटावरचे होते, सभ्य माणूस, ऊन लागून चेहरा लाल झालेला. शाळेच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून सभा देवळाच्या मंडपात भरली. आणि इथंच घात झाला.

देवळात काहीही करायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. मानकरी हात जोडून देवाला मोठ्यानं मागणं घालतो आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून, आईच्या कडेवर असल्यापासून आम्ही ते म्हणत आलेलो. ऐकून, विचार करून कोण म्हणतो? सूर पडला की तोंडातून निघतंच.

मानकरी उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमलीहत. तेंच्यात काय वाकडा झाला आसात, ता सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग मामलेदारांनी माझा अर्ज वाचून दाखवला. माझी मान ताठ झाली. वाचून झाल्यावर ते खलाशीकाकाला म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे, उभं राहून सांगा."

तो उभा राहिला. समोर साहेब, भोवती रागावलेला गाव, पाठीशी देव. बोटीवर वादळं पाहिलेला तो माणूस, पण चार माणसांत बोलायची सवय कुठली? त्या जागी उभं राहून बोलायची एकच पद्धत त्याला माहीत होती. त्यानं देवाकडे तोंड वळवलं, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! पंदरा वर्सां पाण्यार काडून तुजा ह्या लेकरू घराक इला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला.

"पोटासाठी तेना एक गाडी घेतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती गाडी ह्या वाटेन सुखान जावंदे, सुखान येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाटेक जो कोण गावात, म्हातारो-कोतारो, लेकुरवाळी, अडलो-नडलो, तेच्या ती उपेगाक पडांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं सर्वांत मोठ्यानं कुणी म्हटलं असेल तर मी. अर्ज लिहिणारी मी! माझा आवाज माझ्याच कानात घुमला आणि मग अर्थ डोक्यात शिरला. मी आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडात कोंबला होता. मानकऱ्यांचे जोडलेले हात अजून जोडलेलेच होते. मामलेदारांच्या कारकुनाच्या टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. तो लिहीत होता, आणि लिहून झाल्यावर त्यानं ते वाचूनही दाखवलं: गाडी सदर रस्त्यानं नेण्याआणण्यास समस्त ग्रामस्थांनी एकमुखानं संमती दिली.

मामलेदारांना वाटलं, काय गुण्यागोविंदाचं गाव! शहाळं पिऊन ते निघून गेले.

तंटा करायचा तर कोणत्या तोंडानं? "देवाफुडे म्हटलेला मागे घेवक येणा नाय," मानकरी म्हणाले आणि घरात जाऊन झोपले. खलाशीकाकाला स्वतःलाच काय झालं ते कळलं नव्हतं. तो बिचारा घाबरून बोलला होता. पण दुसऱ्या दिवसापासून चिरे वाहायला तो मोकळा झाला. मी जेवले नाही, अंथरुणावर तोंड खुपसून पडले आणि त्याचं सगळं बोलणं पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिले. घोळवता घोळवता शेवटच्या मागण्यापाशी आले आणि ताडकन उठून बसले.

सकाळी जीपचा आवाज आल्याबरोबर मी फणसाच्या वळणावर वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दात असलेली ती चाकं माझ्यापासून दोन हातांवर थांबली.

"बाजूक हो गो!"

"काकानु, माका बंदरार जावचा आसा. गाडीत घेवा."

"चलत जा. चिरे भरलेहत, दिसणत नाय?"

"तुमी काल देवाफुडे काय मागलात? वाटेक जो कोण गावात तेच्या गाडी उपेगाक पडांदे. मी वाटेक गावलंय. आमी सगळ्यांनी व्हय म्हटला."

शिवी ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली. मग मान खाली घालून म्हणाला, "बस."

मी चिऱ्यांवर चढून बसले. बंदरावर मला काडीचं काम नव्हतं. पोचले, खाडीकडे बघितलं, आणि परत त्याच गाडीनं घरी आले. वाटेत दिसेल त्याला ओरडून सांगत आले, "बसा, बसा! सगळ्यांका बसूक गावता!"

दुपारपर्यंत गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी वाटेवर अकरा माणसं उभी होती. एक म्हातारी चार कोंबड्या घेऊन, एकजण नारळाचं पोतं घेऊन, एक लेकुरवाळी माहेरी जायला निघालेली. एक आजोबा तर खाडीपर्यंत जायचे, उतरायचे आणि परत यायला रांगेत उभे राहायचे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत पाऊल ठेवलं होतं आणि आता त्यांना उतरवायची कुणाची छाती नव्हती. खलाशीकाका कुणाला नाही कसं म्हणणार? आम्ही नुसतं हो म्हणून बांधले गेलो होतो, तो तर वाटेत भेटेल त्याच्या गाडी उपयोगी पडू दे, असं तोंडानं मागून बांधला गेला होता. माणसं बसायची तर चिरे उतरवावे लागत. गलबतवाल्यानं तीन दिवस वाट पाहिली आणि अर्धं गलबत रिकामं घेऊन शीड उभारलं.

आठ दिवसांत तो रडकुंडीला आला. मानकऱ्यांच्या अंगणात येऊन बसला. आम्ही सगळे कुंपणाबाहेर कान लावून.

"माका ह्येच्यातसून सोडवा," तो म्हणाला.

"मी कोण सोडवणारो? वाट तू मोडलंस, वाट तू बांद. मगे दोगय देवाफुडे उबे रवया."

बांधली त्यानं. खोटं बोलणार नाही, झटून बांधली. खाणीवरच्या चिऱ्यांच्या कपच्या गाड्यातून आणून त्यानं एकेक चाकोरी भरली. ज्या घराच्या वीस पावलांवर गाडा यायचा त्या घरानं चोपणी घेऊन तयार राहायचं. आमच्या वळणावर आईनं चोपणं त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाली, "हय जोर लाव." त्यानं लावला. मग मानकऱ्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पहिला शब्द मोकळा करून घेतला, आणि ठरलं की चिऱ्यांचा गाडा यापुढे व्हाळाकडच्या जुन्या गुरांच्या वाटेनं जाईल. त्या दिवशी "व्हय म्हाराजा" म्हणण्याआधी प्रत्येकजण क्षणभर थांबत होता, म्हणून सूर काही नीट जमला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एस.टी.चे साहेब आले. अडीच मैल चालत गेले, काठी टोचटोचून पाहिली आणि निघून गेले. पत्र येईल, एवढंच त्यांच्या शिपायानं सांगितलं.

पत्र येईना. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. शाळा उघडायचा दिवस उजाडला. मी पहाटेच न्हाऊन, वेण्या घालून, पिशवी घेऊन ओटीवर बसले होते. बाबा अंगणाच्या कडेला उभे राहून वाटेकडे बघत होते. उन्हं अंगणात आली. बैलगाडी काढायची वेळही टळून गेली. आई आतून एकदा बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. मला वाटलं, संपलं. पिशवी उचलून आत ठेवावी म्हणून मी उठलेसुद्धा.

साडेनऊच्या सुमारास पोस्टमन आला. तो फणसाच्या वळणावरूनच ओरडत आला, "पास! पास! वाट पास झाली! सोमवारपासून यष्टी!"

सोमवार चार दिवसांनी होता. शाळा आज होती, अकराला.

आणि माझा बाप धावला. माडावरून पडल्यापासून ज्याला मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, तो माणूस एका पायावर उड्या टाकत व्हाळाकडे धावत सुटला, "खलाशा! रे खलाशा!" अशा हाका मारत. मी पिशवी घेऊन मागे. तो बिचारा गाडा भरत होता. बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी पोचले तेव्हा गाडा सोडवून बाजूला पडला होता आणि जीप गुरगुरत होती.

बाबा पुढं बसले, मी मागं लोखंडाला धरून. जीप आमच्या वाटेला लागली आणि गोगलगाय झाली! खलाशीकाका एकेक पाऊल जपून टाकत होता. चाक जरा सरकलं की थांबत होता, वाकून खाली बघत होता. दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या वीस पावलांवर येऊन उभी राहिली होती आणि चाकांकडे डोळे लावून होती.

माझा जीव टांगणीला लागला. "काकानु, जोरात हाका हो! शाळा भरतली!"

"वाट मोडात गो," तो म्हणाला. "कालच चोपली ती."

"मोडांदे!" मी ओरडले. मी, जिनं अर्ज लिहिला! त्या घटकेला मला वाटेची काडीइतकी पर्वा नव्हती. मला फक्त अकराची घंटा दिसत होती, आणि मी ढसाढसा रडत होते.

तेव्हा बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाक रे जोरात," ते म्हणाले. "मोडली तर मी बांदतंय."

खलाशीकाकानं एकदा त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि गाडी सोडली. लाल धूळ माणसांच्या डोक्यावरून गेली. कुणी शिवी दिली नाही, उलट पोरं आरोळ्या ठोकत मागं धावली. फणसाच्या वळणावर आई उभी होती. आमच्या वीस पावलांवरून जीप उडत गेली तेव्हा ती दोन्ही हातांनी पुढं जा, पुढं जा, अशी खूण करत होती.

अकराला थोडा अवकाश असताना मी हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझं नाव आठवीच्या हजेरीपटात लिहिलं. खिडकीतून मला बाबा दिसत होते. शाळेच्या फाटकाला टेकून ते आपला दुखरा पाय चोळत उभे होते, आणि शाळा सुटेपर्यंत तिथून हलले नाहीत.